यानातलं खारं लिंबू

मी विज्ञानकथा लिहितो. चौलच्या माझ्या आत्यानं आयुष्यभर वाडीतली लिंबं काढली आणि मिठागरात मीठ ओढलं. पण माझं लिखाण तिच्याइतकं बारकाईनं कुणीच तपासलेलं नाही. माझ्या कादंबरीतलं यान चाळीस वर्षांच्या प्रवासाला निघतं, आत लिंबाची झाडं घेऊन. मी हौसेनं सरबताचा प्रसंग तिला वाचून दाखवला.

"पिळलेला थेंब खाली पडतो काय तिथं?" तिनं विचारलं.

वजनच नाही तिथं थेंब कसा पडणार? रस नि बिया सगळ्यांच्या डोळ्यांत गेल्या असत्या.

"मंग पिळू नको. मिठात घाल."

चौथी शिकलेली बाई! तासाभरात तिनं यानाचा संसार लावून दिला. सालींनी तांब्याच्या नळ्या घासायच्या, जुनं मुरलेलं लिंबू आजाऱ्यासाठी राखायचं. फडताळातली छोटी बरणीही तिनं माझ्या हातात दिली. माझ्या जन्माच्या वर्षी घातलेलं लिंबू होतं ते, काळं कुळकुळीत. म्हणाली, "चाखल्याबिगर लिहू नको."

बिनसलं ते एकाच गोष्टीवर. यान उतरतं तेव्हा उरलेली शेवटची फोड मी कप्तानाला दिली होती.

"तांडेलाला कशाला? ज्याच्या तोंडाला चव न्हाय, त्याला दे."

मी ऐकलं नाही. मला शेवट भव्य हवा होता ना!

गेल्या वर्षी आत्या तापानं पडली, तेव्हा मी चौलला तिच्याजवळ होतो. ताप उतरला, पण अन्न सुटलं. पेजेची वाटी पुढे केली की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर अलिबागला हलवा. आणि मग ती बरणी आठवली. पेणला, माझ्या घरी टेबलावर. तिच्यात एकच फोड उरली होती. पुस्तक छापून आलं की खाईन म्हणून मी ती जपली होती. स्वतःची लाज वाटली. तसाच गाडी काढून गेलो नि बरणी घेऊन आलो.

फोड तिच्या जिभेवर ठेवली. तिनं डोळे मिटले, गाल आत ओढले, बराच वेळ चघळत राहिली.

"पेज आण," ती म्हणाली.

अर्धी वाटी संपल्यावर तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "आन तुज्या तांडेलाला काय उरलं?"

"काही नाही, आत्या."