मायचा फोटो मी कापला

मॅडमनं फोटोवर लाल पेनानं उभी रेघ मारली. म्हणल्या, "यहाँ से काट दो. ये साइड वाली रेजा-वेजा नहीं चाहिए. गंदा लगता है."

मी म्हणलं, "जी मॅडम."

रेघेच्या पलीकडे, घमेलं डोक्यावर घेतलेली तिसरी बाई माही माय होती.

अन् मी कापला. कॉम्प्युटरवर, दोन मिनिटांत. वर मॅडम "गुड" म्हणल्या तं मले बरं वाटलं. बरं वाटलं! त्याचीच लाज आज जास्त वाटते.

भिलाईतल्या मुलींच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. गेस्ट म्हणून. दरवर्षी नवा अर्ज, नेमणुकीचा नवा ऑर्डर. औंदा कॉलेजच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं अन् प्राचार्य मॅडमनं ते माह्या गळ्यात टाकलं. मी फुगली. वाटलं, आता आपण पक्क्या होऊ.

बांधकामावर विटा-गिट्टी वाहणाऱ्या बाईले इकडे रेजा म्हणतात. माय-बाप भंडाऱ्याकडून आले. बाप स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली, माय रेजा. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तं मी सांगायची, "मम्मी हाउसवाइफ हैं." घरी माय, तिथं मम्मी. दहा वर्षं हेच.

फोटो होता कॉलेजच्या हॉस्टेलचा, काम चालू होतं तेव्हाचा. माह्या मायनं ते हॉस्टेल बांधलं. नुसत्या विटा नाही वाहिल्या, बांधलं. खालचा मजला झाला अन् पोरी राहायले आल्या. वरचा अर्धाच होता. मग नियम निंगाला, दिवसा आत पुरुष नको. गवंडी गेटच्या बाहेर. ठेकेदार अडला. रेजाच्या हातात थापी कोणी देत नाही, जिंदगीभर घमेलंच उचला. तिथं द्यावी लागली. गवंडी गेटबाहेर चार विटा रचून दाखवे, बाया आत जाऊन तसंच बांधत. सुतळी ताणणं, ओळंबा लावणं, सारं शिकल्या. अख्खा वरचा मजला बायांनी उभा केला.

पोरींसाठी संडासही त्यांनीच बांधले. वापरायची मनाई. त्यांनी भिंतीमागच्या झुडपात जायचं. प्यायले विटा भिजवायच्या टाक्यातलं पाणी.

हे मायनं मले लहानपणापासून पन्नासदा सांगितलं. मी म्हणायची, "माहीत आहे वं माय, किती सांगशीन!"

फोटो कापला त्या दिवशी संध्याकाळी माय मेथी निवडून राहिली होती. म्हणे, "जुना फोटो निंगाला म्हणते कॉलेजात. मी हावो का त्याच्यात?"

"नाही."

"आमी उभ्या तं होतो बाप्पा. ठेकेदारच म्हणे, बाजूले उभ्या राहा."

"नाही दिसत त्याच्यात," मी म्हणलं अन् चहा ठेवायले उठली.

आठ दिवसांनी छपाईआधीची कच्ची प्रत घरी आणली. मायले वाचता येत नाही. म्हणे, "वाच ना मले. माह्या पोरीनं लिहिलं." मी वाचलं. कुलगुरू कोण आले, कोण्या साहेबाच्या बायकोनं फीत कापली. मग आलं ते वाक्य. माह्याच हातचं. "कुशल राजमिस्त्रियों ने यह भवन खड़ा किया."

मायनं मले थांबवलं. "मिस्त्री? गवंडी तं गेटच्या बाहेर होते." मग माह्या तोंडाकडे पाहिलं. "तुले तं माहीत आहे ना वं?"

बस. एवढंच बोलली. शिवी दिली असती तं परवडलं असतं. इतिहासाची मास्तरीण म्हणे मी! थू माह्या जिनगानीवर. मॅडमनं तं नुसती रेघ मारली होती. वाक्य मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर अख्खा फोटो ठेवला. बाजूले नवीन पान, रेजांनी मजला कसा बांधला त्याचं. मॅडमनं चष्मा काढला.

"ये कॉलेज का इतिहास है. मज़दूरों की हाज़िरी नहीं."

"मॅडम, ये तीसरी वाली मेरी माँ है."

त्यांनी मले वरून खाली पाहिलं. दहा वर्षांत पहिल्यांदा पाहून राहिल्या असं वाटलं. मग म्हणल्या, "तो घर की बात घर में रखिए. अगले साल का ऑर्डर मुझे ही साइन करना है."

पण तोंड उघडलं. "मत कीजिए साइन. और किताब से मेरा नाम हटा दीजिए. अपनी माँ को मैं दुबारा नहीं काटूँगी."

पुस्तक निंगालं. तसंच, कापलेल्या फोटोसकट, दुसऱ्याच्या नावानं. माहा ऑर्डर अजून आला नाही. येणार नाही, मले माहीत आहे. माय म्हणते, "जाऊ दे वं." जाऊ द्यायचं कावून? दहा वर्षं जाऊच दिलं ना मी.

आता भिलाईच्या आजूबाजूच्या गावांत जाते, उतईले, रसमड्याले. हॉस्टेल बांधणाऱ्या ज्या बाया जित्या आहेत त्यांच्या खाटेजवळ बसून नावं लिहून राहिली. ज्या मेल्या त्यांची पोरं सांगतात. एक जण म्हणाला, "हमर दाई के नाव झन लिखव." आपल्या मायचं नाव लिहू नका म्हणे. लाज वाटे त्याले. त्याच्या दारात तिसऱ्यांदा जाणार आहे.

मायची माफी मी मागितली नाही. नुसत्या तोंडानं मागणारही नाही. सारी नावं छापीन, तिच्यासमोर बसून एक-एक वाचीन. मग तिनं मले ठेवायचं का हाकलायचं, ते तिनं ठरवावं.