अप्पांच्या ट्रकचा शेवटचा गिअर

"मिस्तरी, हा लोखंडाचा करून दे. रोजची कटकटच नको!"

दिंद्रुडच्या विश्वनाथअप्पांनी माझ्या टेबलावर प्लॅस्टिकचा एक गिअर आपटला. दात्यांच्या जागी नुसत्या धारा उरल्या होत्या. माझं माजलगावला ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स दुरुस्त करायचं वर्कशॉप. अप्पांचं किराणा दुकान. त्यांचा आणि गिअरचा संबंध काय, हे मला कळेना.

अप्पांनी दारातून रस्त्याकडे पाहून घेतलं आणि पिशवीतून ट्रक काढला. हातभर लांब, नारळाएवढी चाकं, मध्ये लिंबाएवढं खरंखुरं इंजिन. रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक. तोही बॅटरीवरचा नव्हे, नायट्रोचा. म्हणजे मेथॅनॉलमध्ये नायट्रो मिसळलेलं खास इंधन पिणारा.

गावोगावी एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते आणि पोरं परदेशात नोकरीला जाऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. अप्पांचा मुलगा शिवा मस्कतला. गेल्या सुट्टीत त्यानं हा ट्रक आणला. इंधनाचे डबे मुंबईत मिळाले. सुटे भाग मात्र आपल्याकडे मिळत नव्हते, म्हणून स्पेअर गिअरची पुडी तो तिकडूनच घेऊन आला होता. जाताना गिअर बदलायला शिकवून म्हणाला, "अप्पा, सांभाळा." अप्पांनी असा सांभाळला की पुडीत एकच गिअर उरला.

"शिवरात्रीला शिवा येतोय. फोनवर सांगितलंय मी, हातसुदिक लावला न्हाई म्हणून."

"आणि किती लावला?"

"लई!" अप्पा म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

लोखंडाचा गिअर का नको, ते मी त्यांना समजावलं. इंजिनाच्या क्लचवर छोटा पोलादी गिअर असतो. तो या मोठ्या गिअरला फिरवतो आणि पुढं ताकद चाकांपर्यंत जाते. याला स्पर गिअर म्हणतात. तो मुद्दामच प्लॅस्टिकचा ठेवतात. गाडी कुठं अडली तर हा आधी जातो आणि आतला गिअरबॉक्स वाचतो. लोखंडाचा केला की सगळा मार आत जाणार.

"मंग ह्यो सारखा कावून जातोय?"

प्रश्न तोच होता. उत्तर सापडल्याशिवाय शेवटचा गिअर बसवला, तर शिवरात्रीच्या आत त्याचाही भुगा झाला असता.

आधी मला दोन गिअरमधल्या फटीचा संशय आला. फट घट्ट असेल तर दाते घासतात, सैल असेल तर उडतात. शेवटचा गिअर नुसता अडकवून वर्तमानपत्राची पट्टी दात्यांमध्ये फिरवून पाहिली. फट अगदी बरोबर होती, शिवानं बसवलेलं इंजिन जागचं हललं नव्हतं.

"अप्पा, बांधावरून उडवता का?"

"कधी कधी." म्हणजे रोज.

पण उड्यांनी दाते तुटतात. हे तुटलेले नव्हते, झिजले होते, आणि सगळे सारखेच. माझं डोकं फिरायची वेळ आली. अशा वेळी मी ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या घालतो. अप्पांना घालता येईनात.

शेवटी गिअरच्या कडेचा चिखल बोटांत चोळला. कचकच लागली. काळ्या रानात पळणारा ट्रक आणि चिखल राखाडी! वास घेतला, तर करडईचं तेल.

"याच्यावर काय घालता तुमी?"

"म्या? काई न्हाई. सोमवारची पूजा तेवढी."

"कुठं करता?"

"तितंच की. फिरतंय तेच, जीव तितंच. भस्माचे तीन पट्टे वढतो. भस्म उडून जाऊ नये म्हणून तेलाचं बोट लावतो."

मी स्टुलावर बसलोच.

"अप्पा, घरी भांडी कशानं घासतेत?"

"राखेनं," म्हणता म्हणता त्यांचा हात स्वतःच्या कपाळावरच्या भस्माकडे गेला. "आरं द्येवा!"

इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना आम्ही खरखरीत पेस्ट लावून ते मुद्दाम घासतो. अप्पा दर सोमवारी तेच काम भक्तिभावानं करत होते.

"मंग पूजा बंद करू?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं.

"बंद कावून? तुमी भस्म कपाळाला लावता ना? गाडीचं कपाळ म्हंजे बॉनेट. तितं लावा. आत कोरडं ठेवा, ब्रशनं झाडा."

अप्पा खुलले. मी सगळं रॉकेलनं धुऊन पुसून काढलं आणि शेवटचा गिअर बसवला.

शिवरात्रीला त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. दुकानामागच्या मोकळ्या रानात शिवानं ट्रक सुरू केला. बॉनेटवर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. ट्रक केकाटत सुटला, शेळ्या पांगल्या, सगळा गाव टाळ्या पिटायला लागला. शिवानं तो दमेपर्यंत पळवला आणि उघडून आत पाहिलं.

"गिअर तर नवाकोरा हाय! अप्पा, तुमी खरंच हात लावला न्हाई?" त्याचा आवाज पडला. "आई गेल्यापासून तुमाला करमत न्हाई. म्हणून तर ठेवून गेलतो."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

"शिवा, त्यो शेवटचा हाय," अप्पा हळूच म्हणाले. "बाकी पुडी मीच खाल्ली."

शिवा बघतच राहिला. मग खदखदून हसला आणि त्यानं रिमोट बापाच्या हातात ठेवला. अप्पांनी सगळ्यांदेखत ट्रक बांधावरून उडवला. माझा जीव गिअरमध्ये अडकला होता, पण इतका आनंद मला कुठल्या ट्रॅक्टरनं दिलेला नाही.

झिजलेला गिअर फेकण्याआधी बोटांत चोळून पाहावा, एवढं मी शिकलो. आता ट्रॅक्टर आला तरी मी आधी विचारतो, "पूजा कुठं करता?"