चार चाकं, चार डबे

तुम्ही कधी चार निवृत्त माणसांना मिळून एक जुनी जीप घेताना पाहिलंय? आमच्या काचीगुड्यात पाहायला मिळतं. असे किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. जीप दारात उभी असली की ते आपोआप घरात येतात.

जीप आली तेव्हा मी देवाला नारळ बोलले. निवृत्त झाल्यापासून आमचे हे दिवसभर घरात बसून मला फोडणी शिकवत होते. जीप आली आणि हे खाली गेले. जीप टिकली तरच माझं स्वयंपाकघर माझं राहणार होतं.

०

दर रविवारी विकाराबादच्या रानात, चिखल-दगडांतून जीप न्यायचं ठरलं. मेकॅनिक यूसुफभाई म्हणाले, "पहले चाकां के बेरिंग में अच्छा ग्रीस भरो."

कोणतं ग्रीस, यावर चौघांचं जमेना. शेवटी वकील रंगरावांनी तोडगा काढला. चार भागीदार, चार चाकं. ज्याचं चाक, त्याचं ग्रीस.

इतकी शांत वाटणी वकिलांनीही पहिल्यांदाच पाहिली.

०

रंगरावांनी निळं घेतलं. "निळं थंड असतं."

ह्यांनी लाल घेतलं. "लाल उष्णता सोसतं."

बँकेतले व्यंकटरेड्डी म्हणाले, "माझा मेहुणा लॉरीत काळंच घालतो." मेहुणा त्या दिवशी बसने आला होता.

गणिताचे गोविंदसर मात्र डब्यांवरचं सगळं वाचून आले. ब्रेकच्या उष्णतेने वितळू नये, नाल्याच्या पाण्याने धुऊन जाऊ नये असं ग्रीस हवं. रंगावरून काही कळत नाही. बरोबरच होतं. पण सरांनी ते फळ्यावर समजावलं आणि मधली सुट्टी दिली नाही. तिघंही उठून चहाला गेले.

०

स्टीअरिंग कुणाच्याच वाटणीला आलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचं ठरलं. ग्रीसगनने प्रत्येकाने स्टीअरिंगच्या सांध्यांत आपापलं ग्रीस मारलं.

यूसुफभाईंनी बाहेर आलेला रंग बोटावर घेतला. "क्या साब, आप लोगां तो मिक्स अचार डाल दिये. सब पतला हो के बह जाता."

"ही राष्ट्रीय एकात्मता आहे," रंगराव म्हणाले.

०

ह्यांनी आपल्या चाकातलं जुनं ग्रीस न पुसता त्यावर लाल ठासून भरलं. बेरिंगमध्ये थोडी जागा मोकळी ठेवतात म्हणे, नाहीतर ते तापतं.

"अहो, इतकं?" मी विचारलं.

"पाहुण्याला आणि चाकाला वाढताना हात आखडू नये."

मलकपेठेपर्यंत जाऊन आले, तर त्या चाकावर पापड भाजता आला असता. "नवीन आहे, रुळेल," हे म्हणाले.

०

रविवारी भर नाल्यात ह्यांचं चाक किंचाळलं आणि अडकलं. जीप ट्रॅक्टरने ओढून आणावी लागली. चौघं चार दिशांना तोंडं करून बसले होते.

"माझं चाक शेवटपर्यंत फिरत होतं," रंगराव म्हणाले.

"मी सांगितलं होतं," सर म्हणाले.

"विकून टाकू," व्यंकटरेड्डी म्हणाले, आणि कुणीच नको म्हटलं नाही.

हे वर आले, हातपाय धुतले आणि ओट्याजवळ स्टूल ओढून बसले. "संपलं. आता मी घरीच. भाजी जरा जाड चिरतेस तू."

मी विळी बाजूला सारली आणि रंगरावांच्या सुधावहिनींना फोन लावला.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडेही स्टूल आलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघी बायका यूसुफभाईंना घेऊन दुकानात गेलो, ह्यांच्या चाकाला नवं बेरिंग आणि सगळ्या जीपला चालेल असा ग्रीसचा एकच डबा आणला, आणि चौघांना खाली बोलावून जुनं ग्रीस पुसायला प्रत्येकाच्या हातात डिझेलमध्ये भिजवलेलं एकेक फडकं दिलं.