चावणारं पाणी

"आज पाणी चावून राहिलं बाई," काकू म्हणाली आणि हात झटकून पुन्हा कपडे घासू लागली.

शेजारीण हसली. "मासोळी असन. तुलेच बरी चावते!"

मी घाटाच्या पायरीवर बादली धरून बसले होते. पंधरवड्यातली ही तिसरी मासोळी. प्रत्येक वेळी काकांच्या नावेच्या धक्क्यावरची मोटर चालू होती.

धरणाचं पाणी आमच्या शेतापर्यंत आलं, तेव्हा काकांनी नाव घेतली. ड्रमांवर फळ्या ठोकून धक्का केला. संध्याकाळी लोक फिरायला येतात म्हणून त्यावर दिवे लावले. मीटरपासून वायर एकच आणली. दुसरीच्या जागी लोखंडी सळई पाण्यात रोवली आणि दिव्यांच्या दुसऱ्या वायरीचं टोक तिला बांधलं. आमच्याकडे शेतातही असंच करतात. दिवा लागला की काम झालं. आता नाव धुवायची मोटरही त्यावरच होती. वीज परत जायची ती त्या सळईतून, पाण्यातून.

मी काकांना एकदा सांगितलं होतं, जेवताना, हळू आवाजात. दोन वायरी हव्यात, जमिनीत नीट अर्थिंग हवं, करंट गळला तर आपोआप बंद होणारा स्विच हवा.

"कॉन्व्हेंटवाली बोलली," ते म्हणाले. "पाण्यात करंट असता तं मासे नसते मेले काय? खाय तू, भात थंड होऊन राहिला."

सगळे हसले. मीही थोडं हसले. शब्द डोक्यात जुळवून आणायचे आणि हसण्यावारी जाऊ द्यायचे, याचाही थकवा येतो. त्यानंतर मी फक्त बघायचे. मोटर घरघरली की घाटावर कोण पाण्यात आहे ते.

तेवढ्यात काकूच्या हातून साडी सुटली आणि धक्क्याकडे वाहू लागली, सळईच्या बाजूला. लुगडं खोचून काकू पाण्यात शिरली. गुडघे बुडाले, मग मांड्या. तिने पाय आखडले. "आता तं जोरात चावलं," ती म्हणाली आणि साडीसाठी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. मोटर चालूच होती. काका नावेवर पाणी मारत होते, पाठ आमच्याकडे.

बादली माझ्या हातून पडली. घाटावरच्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने मी ओरडले, "काकू, मागे फिर! धक्क्याला हात लावू नको! काका, आधी मेन बंद करा, मग मला काय बोलायचं ते बोला!"