खरवडमामा

कुणी नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात. आमचे मामा खिशातून पॉलिश पेपर काढत. अमळनेरला त्यांचं गाड्यांत वायरलेस सेट बसवण्याचं दुकान होतं, आणि रंग खरवडून खालचं लोखंड चकाकल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. सगळे त्यांना खरवडमामा म्हणत. सख्खा भाचा म्हणून मी फक्त मनात म्हणायचो.

माझी जीप साक्रीच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागली, तेव्हा मला मामा खरे कळले. सिस्टरना घेऊन डोंगरातल्या पाड्यांवर जायचं काम. तिथे मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ, म्हणून जीपमध्ये वायरलेस हवा. दवाखान्यातल्या सेटवर अक्का बसायच्या.

"दोन तासांचं काम आहे ना, मामा?" मी विचारलं. मामांनी तीन दिवस घेतले आणि आमच्याकडे धुळ्याला मुक्काम ठोकला. सेट पहिल्याच तासात बसला होता. मग बॉनेट, दरवाजे, सायलेन्सरचा पाइप, इंजिन, एकेक तांब्याच्या जाळीदार पट्टीने ते बॉडीला जोडत बसले. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली रंग खरवडायचा, दातेरी वायसर घालायचा, बोल्ट आवळायचा, वर ग्रीस. अँटेनाच्या बुडाखालीही तेच. नुकतीच रंगवलेली माझी पांढरी जीप देवी येऊन गेल्यासारखी दिसू लागली.

"अहो, बॉनेट बिजागरीने जोडलेलंच आहे की!"

"तुले दिसस जोडेल. बिजागरीमा रंग शे. रंग डोयासले शे भाचा, करंटले नही. गाडीनं बठ्ठं लोखंड एक व्हवाले पाहिजे."

शेवटी परीक्षा. इंजिन चालू, सेट चालू, मामा डोळे मिटून कान लावून. सेटमधून इंजिनाची बारीक कुई आली, तर पुन्हा खरवड. बायको चहा घेऊन आली, तर एक हात वर करून म्हणाले, "सूनबाई, बांगड्या थांबव." चहा गार झाला, बायको गरम झाली, आणि ऐकून घेतलं मी.

मामा अमळनेरला परतले आणि त्याच दुपारी मी जीप पेंटरकडे नेली. त्याने पट्ट्या आणि अँटेना सोडून ठेवल्या, खालचे डाग सुबक रंगवले आणि सगळं पुन्हा आवळून दिलं. जीप नवरीसारखी सजली. माझ्या अकलेचं मलाच कौतुक वाटलं.

आठवड्याने एका पाड्यावरून अडलेली बाई आणि तिची आई यांना घेऊन निघालो. सिस्टर सेटवर ओरडत होत्या, "अक्का, डॉक्टरांना थांबवा! अक्का!" सेटमधून नुसती कुई. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीही चढायची. दवाखान्यात पोचलो, तर डॉक्टर नुकतेच निघून गेलेले. अक्कांनी त्यांना शोधून आणेपर्यंत त्या बाईच्या आईने माझा दंड धरून ठेवला होता. बाळ-बाळंतीण वाचली, पण त्यात माझा काही हात नव्हता.

मामा आले, बॉनेट उघडलं.

"हाई कोणी करं?"

"पेंटरने."

"पेंटरले कोणी सांगं?"

मी पाना घेऊन पहिला बोल्ट सैल करायला लागलो. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी पॉलिश पेपरचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातात दिला. अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून खरवडलं.

गेल्या वर्षी मामा गेले. यंदा जोडांना गंज चढला आणि कुई परतली. तीन दिवस मी जीपखाली लोळत होतो आणि मामांच्या नावाने बडबडत होतो: एवढ्या पट्ट्या कशाला? सायलेन्सरला कसली आलीय वीज? पण एकही सोडायची छाती झाली नाही. शेवटी इंजिन चालू करून डोळे मिटले. बायको चहा घेऊन आली आणि न सांगता बांगड्या धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरून बटण दाबलं. "अक्का, येतोय का आवाज?"

"अगदी स्वच्छ!" अक्का म्हणाल्या. "मामांचा हात लागलेला दिसतोय."

मामा गेल्याचं अक्कांना माहीतच नव्हतं. सोललेली बोटं माझी, नखांत पांढरा रंग माझ्या, आणि श्रेय मेल्यावरही मामांनाच!

मी बटण दाबलं. "हो अक्का," म्हणालो, "त्यांचाच."