श्पारकास : जपायची पेटी

वसंता गेला... मी कंपनीच्या कामाला सुप्याला गेलो होतो, तिथंच फोन आला. "काहीतरी काय बोलताय? सकाळी चहा प्यायलोय आम्ही बरोबर!" मी फोनवरच ओरडलो. काही आठवडे उलटले, तरी अजून पटत नाही.

नागापूरच्या आमच्या कंपनीत जर्मन यंत्रं आली तेव्हा तिकडचे फॅक्स वाचायला म्हणून वसंता जर्मन शिकला. लांबलचक शब्द दिसला की गडी खूश. फिटर पंप खोलतो तसा शब्द खोलून बसायचा. यंत्रं बसवायला आलेल्या इंजिनियरनं जाताना त्याला लाल पत्र्याचा गल्ला दिला, वर फट, झाकणाला कुलूप. त्यावर लिहिलेलं, श्पारकास. "म्हणजे बचत बँक ना?" मी विचारलं. "लेका, ते आत्ताचं झालं. कास म्हणजे पेटी, लॅटिनातून इटलीमार्गे आलेली. श्पारेन म्हणजे आता बचत करणं, पण मुळात सांभाळणं, धक्का लागू न देणं. जपायची पेटी!"

झालं! तेव्हापासून जपायचं ते सगळं त्या फटीतून आत. लेकीचा पडलेला दात, शर्टाचं तुटलेलं बटण... गल्ला ऑफिसच्या टेबलावर, किल्ली मात्र हरवू नये म्हणून घरी. आम्ही किती हसायचो त्याला!

त्या दुपारी टेबलाशीच त्याच्या छातीत कळ आली. शेजारच्या टेबलावरचे सांगतात, तो गल्ल्याकडे हात करत होता, कुणाला काही कळलं नाही. खिशात गोळ्या नव्हत्या. शोभावहिनी, त्याची बायको, येईल त्याला तेच विचारायच्या. "भाऊजी, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मी सकाळी हातात दिल्या होत्या हो. टाकून दिल्या का त्यांनी? माझं कधी ऐकलंच नाही बघा."

परवा त्याचं सामान घरी पोचवलं. वहिनींनी किल्ली आणली, गल्ला उघडला. दात, बटण आणि गोळ्यांची अख्खी पट्टी. एकही गोळी काढलेली नाही. अरे वसंता, खुळा का काय तू!...

वहिनींनी पट्टी उचलली. "मीच म्हणाले होते हो... जपून ठेवा."

गल्ला आता त्यांच्या खिडकीत आहे. निघताना मी सवयीनं झाकण लावायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "नका भाऊजी. उघडंच राहू दे."