टाक्याला कुलूप

गोस्पावाने पाण्याच्या टाक्याला कुलूप घातलं, तेव्हा ल्युताक गावाने तिच्याशी बोलणं कमी केलं. पुरतं बंद केलं नाही. मग तिच्याबद्दल बोलायला माहिती कुठून मिळणार?

त्या डोंगरात झरा नाही, विहीर नाही. पाऊस पडतो तो दगडांच्या भेगांतून सरळ समुद्राकडे जातो, माणसांसाठी थांबत नाही. म्हणून प्रत्येक घराला खडकात कोरलेलं टाकं. छपरावरचं पाणी त्यात उतरवायचं आणि उन्हाळाभर पुरवायचं. गोस्पावाचं टाकं सासऱ्याने कोरलेलं. नवरा युद्धातून परत आला नाही. राहिलं ते टाकं, मेंढ्या आणि तोंड. वाटसरूला पाणी नाकारणारं घर तिकडे बाटलेलं समजतात. युद्धात तिच्या दारात शत्रू म्हणून आलेले इटलीचे शिपाईसुद्धा पाणी प्याले होते. तिने शिव्या देत पाजलं, पण पाजलं.

मग डांबरी रस्ता झाला आणि त्यावरून फिचा आली.

या चिमुकल्या गाडीत इंजिन मागे, सामान पुढे आणि मध्ये घरातली असतील नसतील तेवढी माणसं. ऑगस्टात सारा देश तिच्यात बसून समुद्राला निघे. घाटात इंजिनाला वारा लागावा म्हणून मागच्या झाकणाला काठीचं टेकण देत, आणि गाड्या शेपटी वर केलेल्या कोंबड्यांसारख्या चढत येत. उकळत मात्र नेमक्या गोस्पावाच्या वळणावर.

"मावशी, बादलीभर पाणी मिळेल का?"

"कुणाला?"

"गाडीला."

पहिल्या उन्हाळ्यात तिने दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात बादली तळाच्या दगडावर खणखणली आणि अर्ध्या मेंढ्या विकाव्या लागल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात कुलूप आलं आणि त्याबरोबर नियमही: माणसाने पोटभर प्यावं, गाडीला थेंब नाही.

त्याच ऑगस्टात तिचा धाकटा भाऊ ओब्रेन आला. तो उत्तरेला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनं जुळवायचा. नवी कोरी फिचा, बायको रुझा, तीन पोरं, छपरावर रबरी होडी. गाडी केटलीसारखी शिट्टी घालत होती.

"ताई, बघितलीस का? स्वतःची आहे!"

"बघितली. घाम फुटलाय तिला."

"इटलीत पहिल्यांदा निघाली तेव्हा इंजिन साडेसहाशे सीसीचंही नव्हतं. आता आमच्या कारखान्यात बनते ती साडेसातशेच्या वर."

"म्हणजे पोट वाढलं. तहान?"

"जर्मनांची ती गोल गाडी वाऱ्यावर थंड होते, तिला पाणी लागत नाही. पण ही आपली आहे, ताई!"

"आपली म्हणूनच माझ्या जिवावर उठलीय. तू पी, पोरांना पाज. ती माझी कोण लागते?"

ओब्रेनने पेला घेतला, तोंड भरलं, गाडीमागे गेला आणि घोट रेडिएटरमध्ये थुंकला. परत आला. पुन्हा तोंड भरलं. पोरांना हा खेळ फारच आवडला. तीही रांगेला लागली. नियम मोडला नव्हता. माणसं पाणी पीत होती, गिळत नव्हती एवढंच. गोस्पावाचे कान लाल झाले.

"वन्सं, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही यांनी," रुझा म्हणाली.

"थांबव!" गोस्पावा ओरडली. "माझं पाणी थुंकतोस? निर्लज्जा!" तिने स्वतः बादली ओढून गाडीमागे आदळली. "घाल तिच्या घशात. पण संध्याकाळच्या आत खाली समुद्राकाठच्या गावातून दोन कॅन भरून आणून दे. नाही आणलेस तर भाऊ म्हणून दारात येऊ नकोस."

संध्याकाळी ओब्रेन आला. बायकापोरांना समुद्राकाठी उतरवून, कॅन भरून निघाला होता, एकटा. गाडी पुन्हा शिट्टी घालत होती. कॅन मात्र दोन्ही रिकामे.

"चढावर उकळली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दोनदा."

"म्हणजे माझं पाणी आणायला निघालेली गाडी माझंच पाणी पिऊन आली?"

"इंजिनाचा नियम आहे तो, तुला कळायचं नाही. जन्मभर दगड राखत बसलीस!"

"आई गेली तेव्हा कळवलं होतं. रस्ता नाही म्हणालास. आता रस्ता आहे, तर दारावरून समुद्राला जातोस! गाडी उकळली नसती तर थांबलाही नसतास."

ओब्रेनने मागचं झाकण धाडकन आपटलं. इंजिन निवेपर्यंत दोघं पाठीला पाठ करून बसली. मग तो उताराने निघून गेला.

सुट्टी संपवून लोक परतायच्या रविवारी गोस्पावाने पहाटेच बादलीभर पाणी काढून सावलीत ठेवलं. "भावाच्या तोंडावर मारायला," तिने शेजारणीला बजावलं. फिचा येत होत्या, उकळत होत्या. प्रत्येकाला पेला मिळत होता, गाडीला नाही. बादलीकडे कुणी नुसतं पाहिलं तरी ती अंगावर जाई.

दिवस कलताना खालून बस आली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काकू, ओब्रेनची वाट बघताय? तो सकाळीच मोस्तार शहरावरून घरी गेला. केवढा वळसा! पण तिकडे रस्त्याच्या कडेने नदी वाहते."

"नदी," गोस्पावा म्हणाली. "मग जाणारच की! आग लागो त्या नदीला."

बस गेल्यावर तिने बादली उचलून पाणी टाक्यात परत ओतलं. ओतताना थोडं काठावर सांडलं. त्या सांडलेल्यालाही तिने ओब्रेनच्या नावाने शिवी घातली आणि कुलूप लावलं.